पंपाची गार बाजू

१६ नोव्हेंबर, शनिवार

आज माझ्या हातून आजी मरता मरता वाचली. संगणकावरच्या खेळातली आजी. खरी, म्हणजे माझी आई, जाऊन बरीच वर्षं झाली. पण माझ्या पोरीने, सुन्निवाने, खेळातल्या चारही माणसांना घरचीच नावं दिली आहेत: पप्पा, मम्मा, सुनी आणि आजी. शिवाय एक कुत्रा. त्याला नाव नाही, कारण त्यावरून आमचं अजून भांडण चालू आहे. मम्मा हे नाव बघून मला कसंतरीच झालं होतं, पण पोरीपुढे काय बोलणार.

खेळ म्हटलं तर साधा. बर्फाचं मैदान, चार माणसं, थोडी लाकडं, थोडे दगड. घर बांधायचं आणि हिवाळ्यातून जिवंत बाहेर पडायचं. सगळी मेख खोल्यांत आहे. चार भिंती आणि छप्पर जुळलं की खेळ त्याला खोली मानतो आणि अख्ख्या खोलीचं तापमान एकच धरतो. खोली जेवढी मोठी, तेवढी शेगडीची ऊब पातळ होते. बाहेरच्या भिंतीतून ती गळते, दार उघडलं की भसकन निघून जाते.

आणि मी काय करावं? निजायच्या खोल्यांना बाहेरच्या बाजूने झरोके ठेवले! माणसाने झोपावं ते गार हवेत, यात मला कधी शंकाच आली नाही. आई भर जानेवारीत खिडकी किलकिली ठेवून आम्हाला झोपवायची, आणि तान्हा होतो तेव्हा दुपारी बाबागाडीत अंगणात. पण हे खेळाला कोण सांगणार? सकाळी बघतो तर चौघंही निळी पडलेली, आजी तर अंथरुणातून उठेचना.

"पप्पा! तू झरोके उघडे ठेवलेस?" सुन्निवा पडद्यावरून किंचाळली.

"मग काय! कोंदट खोलीत डोकं नाही का दुखत?"

"त्यांची डोकी नाही दुखत! ते गारठून मरतात!"

"मग कसले डोंबलाचे नॉर्वेजियन?"

हसली. इतकी हसली की उचकी लागली. त्या हसण्यापायी मी आणखी दहा आज्या गारठवायला तयार आहे.

ऑगस्टपासून ती स्पेनमध्ये आहे, तोरुनकडे, म्हणजे तिच्या आईकडे, आणि आईच्या नव्या जोडीदाराकडे, त्या शार्तानकडे. ठरलंय असं की वर्षभर तिकडे राहून बघायचं आणि पुढची शाळा कुठे ते मार्चअखेर सुन्निवाने स्वतः सांगायचं. चौदा वर्षांची आहे, तिच्या शब्दाला वजन आहे. तिकडे समुद्र, ऊन, पोहायचा तलाव. इकडे आमच्या त्यूनसेत गावचा हिवाळा आणि गाडी शिकवून शिकवून घसा बसलेला बाप. माझ्या हातात आहे काय? शनिवारची संध्याकाळ आणि हा खेळ. खेळातली ही वस्ती मार्चपर्यंत जगली पाहिजे. वस्ती मेली की शनिवार मेला, आणि शनिवार गेला की पोर गेली. मला तरी दुसरं काही सुचत नाही.

२७ नोव्हेंबर, बुधवार

शिकवायच्या गाडीचे, माझ्या गाडीचे आणि ट्रेलरचे उन्हाळी टायर आज घरी आणले. गॅरेजवाल्याकडे ठेवणं यंदा परवडत नाही. सुन्निवाच्या खोलीत रचले. तिथला हीटर ऑगस्टमध्येच बंद केलाय, दारही लावून घेतलंय. रिकाम्या खोलीला कोण वीज जाळतं? दार बंद असलं की बैठकीची खोली कशी झटकन तापते. मी झोपतोही तिथेच सोफ्यावर. हे मी खेळातूनच शिकलो, म्हणजे अगदीच वाया नाही गेलो.

शेजारच्या गुडनीबाई वाफल घेऊन आल्या होत्या. सत्तरी ओलांडली तरी जिभेची धार कमी नाही.

"पोरीच्या खोलीत टायर?" म्हणाल्या.

"तात्पुरते हो."

"तात्पुरतं म्हणजे कुठवर?"

"अहो, ती आली की काढीन ना! पाच मिनिटांचं काम."

त्या वाफलवर चीज घालत राहिल्या. बाईला सगळ्यात नाक खुपसायची सवय आहे.

७ डिसेंबर, शनिवार

मी मधे एक मोठा थोरला दिवाणखाना बांधला. दोन शेगड्या, लांब टेबल, चौघांनी एकत्र बसावं, जेवावं. सुन्निवाला तो पसंत नाही. म्हणते, इतकी मोठी खोली तापणारच नाही, लाकडं संपतील, त्यापेक्षा छोट्या छोट्या खोल्या कर, प्रत्येकाला एक.

"म्हणजे चार दिशांना चार तोंडं?" मी म्हटलं. "घर आहे का लॉज?"

"पप्पा, ऊब छोट्या खोलीतच टिकते."

"आईने शिकवलं वाटतं हे!"

मग तिने घराच्या अगदी मधोमध, जिथे एकही भिंत बाहेरची नाही अशा जागी, एक छोटीशी खोली बांधली. एक पलंग, एक दिवा. त्यावर लिहिलं, सुनी. खोली सुरेखच झाली, शेगडीशिवाय ऊबदार. मी तसं म्हटलंसुद्धा.

आज नेट सारखं तुटत होतं, म्हणून लॅपटॉप उचलून बोळात नेला. तिथे जरा बरं चालतं.

"पप्पा, मागे ते काळं काळं काय आहे?"

मागे तिच्या खोलीचं दार उघडं होतं, सकाळी जॅक काढायला गेलो होतो. "टायर गं. उन्हाळी."

"माझ्या पलंगावर?"

"गादीवर प्लास्टिक घातलंय की! बाप एवढा पण येडा नाहीये."

"हं."

मी शनिवारच्या गोड गोळ्यांची पुडी फोडली. अजूनही दोघांच्या मापाने आणतो, तिच्या वाटच्या तिला दाखवून दाखवून मीच खातो, ती ओरडते, मजा येते. आज ओरडली नाही.

"पप्पा, एखादी खोली खूप महिने बंद असली, तर तापायला किती वेळ लागतो?"

"कुठली? कोठाराच्या बाजूची? तिला कशाला तापवतेस? उगीच लाकडं जाळायची. सामान भर आणि दार लावून टाक."

"बरं," म्हणाली. आणि मग तिने काय केलं, तर ती मधली सुनीची खोली पाडून टाकली. पलंग आणला दिवाणखान्यात, दाराजवळ. मला इतका आनंद झाला! शाबास म्हटलं, असं सगळ्यांत राहावं. समजावून सांगितलं की ऐकते पोरगी. तोरुनला वाटतं मला तिच्याशी बोलता येत नाही.

२४ डिसेंबर, मंगळवार

एकट्यासाठी डुकराच्या बरगड्या भाजल्या. पाच माणसांना पुरतील इतक्या. सुन्निवाशी फोनवर बोललो, तिकडे शार्तानचे दोन्ही मुलगे आलेत, मागे नुसता दंगा. "मजा आहे तुझी," म्हटलं. "हो," म्हणाली. फोन ठेवल्यावर रडलो. कोणी बघत नव्हतं तरी लाज वाटली.

११ जानेवारी, शनिवार

बाहेर उणे अठ्ठावीस. गाडीची चाकं सकाळी चौकोनी झाल्यासारखी खडखडत होती. पण आजचा शनिवार छान गेला.

सुन्निवा कॅमेऱ्यासमोर आली ती लोकरीची टोपी आणि जाड जाकीट घालून! वस्तीतल्या लोकांसारखी. मी पण धावत जाऊन माझी कानटोपी घालून आलो. दोघंही ध्यान दिसत होतो. म्हटलं, "व्वा, सुनीबाई, तुमच्याकडेही हिमलाट का?" ती हसली, पण थोडंच. नाक लाल होतं. तिकडच्या उन्हाने भाजलं असणार.

जागाही बदललेली दिसली. पूर्वी मागे तिचं कपाट असायचं, आता नुसती काच आणि काचेला वाळत घातलेले टॉवेल. आणि मागे सारखी घरघर. तिचं अर्धं बोलणं कळेना, त्यात ती पुटपुटत होती.

"अगं तो पंखा बंद कर ना! डोकं उठलं."

"पंखा नाहीये तो. आणि ते माझ्या हातात नाहीये."

"मग आतल्या खोलीत जाऊन बस."

"आत मुलं झोपलीत."

शार्तानचे मुलगे आता कायमचेच तिकडे राहणार म्हणे. म्हणजे भरलं घर. माझं हे असं, आणि तिच्याकडे रोज जत्रा. मार्चमध्ये ती का म्हणून इकडे येईल?

२५ जानेवारी, शनिवार

वस्तीत लाकडं संपत आली. माझा दिवाणखाना सगळी खातो, हे मला दिसतं, पण तो तोडायला जीव होत नाही. सगळी जिथे एकत्र बसतात ती एकच तर जागा आहे.

सुन्निवाने तोडगा काढला: हीट पंप. इथे घरोघरी असतो तसाच, भिंतीत बसवायचा. एका अंगाने आत गरम हवा फुंकतो, दुसऱ्या अंगाने बाहेर गार. तिने तो दिवाणखान्याच्या भिंतीत लावला. मागची गार बाजू एका चिंचोळ्या पडवीत येते. तिला बाहेरून नुसती पातळ भिंत, कोपऱ्यावर फुंकर मारली तरी पडेल अशी. दिवाणखाना मात्र मस्त तापला. पप्पा आणि मम्मा एका टेबलाशी येऊन बसले. मी बघतच राहिलो.

"पप्पा, पंपाच्या मागच्या बाजूला पलंग ठेवला तर?"

"कोण शहाणा ठेवेल तिथे पलंग? ती जागा मांसाची. अर्धी हरणं टांगून ठेव, महिनाभर सडायची नाहीत."

"मांसाची," ती म्हणाली.

"मग? पुढची बाजू माणसांची, मागची मेलेल्यांची. सोपं आहे."

बोलता बोलता खोकत होती. पाणी पी म्हटलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

काय झालंय या पोरीला?

आज बघतो तर सुनीचा पलंग पंपामागच्या पडवीत, टांगलेल्या हरणांच्या मधे. सुनी त्यावर पडलेली, पायाची बोटं काळी पडलीत असं खेळ सांगतोय. मी घाईघाईने पलंग उचलून आत आणला. तिने परत तिथे नेला. मी पुन्हा आत. तिने पुन्हा बाहेर.

"सुन्निवा, मरेल ती!"

"मरू दे. मला बघायचंय किती दिवस टिकते."

"अगं, आत एवढी जागा आहे!"

"कुठे आहे? दाखव ना. आत सगळे शेकत बसलेत, पप्पा. चौथा कोण कुठे गेला ते कोणी उठून बघत पण नाही."

"ते संगणकातले बाहुले आहेत, ते कशाला उठतील? आपण सांगितल्याशिवाय?"

"मग सांग ना."

"काय सांगू?"

नुसती ती घरघर. माझं डोकंच फिरलं. इतके महिने जिवाचा आटापिटा करून ही वस्ती जगवतोय, आणि ही ती मुद्दाम मारायला निघाली आहे. मी म्हटलं, आणि चांगला आवाज चढवून म्हटलं, "तुला कंटाळा आला असेल तर सरळ सांग! बापाला टाळायचं असेल तर तोंडाने बोल, असं पोरीला गारठवून मारू नकोस! तिकडचं सुख अंगी लागलंय, आईने शिकवलंय, सगळं कळतं मला."

ती माझ्याकडे बघत राहिली. डोक्यावर टोपी, गळ्याशी गोधडी. म्हणाली, "तुला काहीच कळत नाही, पप्पा." आणि पडदा काळा.

गोळ्यांची पुडी तशीच पडून आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आली नाही. चार वाजल्यापासून टोपी घालून बसलो होतो. मग काढली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

फोन उचलत नाही. संदेशाला नुसता अंगठा. आज एका शिकाऊ पोरावर असा खेकसलो की त्याने गाडी बाजूला घेतली आणि म्हणाला, हालवार, तू उतर, मी बस पकडतो. पाय धरायचे बाकी ठेवले मी त्याचे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आजही नाही.

एकट्याने खेळ उघडला. दोघं असल्याशिवाय त्यातला वेळ पुढे सरकत नाही, आम्हीच तसं लावून ठेवलंय. त्यामुळे सगळं जिथल्या तिथे थिजलेलं. दिवाणखान्यात पप्पा शेगडीवर हात धरून उभा. त्याची पाठ पंपाकडे. भिंतीच्या पलीकडे सुनी, निळी. मी तो पप्पा किती वेळ बघत बसलो. एकदा तर तोंडातून निघालंच, "अरे बैला, वळ की मागे!"

पलंग आत आणायची खूण केली. पण वेळच पुढे सरकत नाही, तर तो पप्पा ते कसं करणार?

गुडनीबाई घरी भाजलेला पाव घेऊन आल्या. माझं तोंड बघून त्यांनी खुर्ची ओढली.

"पोरीच्या आईला फोन कर."

"मेलो तरी करणार नाही."

"मेल्यावर कर, हरकत नाही. पण पोरगी बोलत नाहीये, आणि तू इथे कोंबडीसारखा खुडूक बसलायस."

"काय विचारू तिला? माझी पोरगी माझ्यावर का रुसली, हे मी तोरुनला विचारू?"

"तेच विचार," म्हणाल्या आणि भांडी विसळायला लागल्या.

१ मार्च, शनिवार

शेवटी मी करायच्या आधी तोरुनचाच फोन आला. सगळं लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मला खरं वाटणार नाही.

"घाबरू नकोस," म्हणाली. म्हणजे मी घाबरलोच. "सुन्निवाला न्यूमोनिया झालाय. ताप उतरलाय आता, औषध चालू आहे."

"न्यूमोनिया? स्पेनमध्ये?"

"इथली घरं हिवाळ्यात गार असतात रे. तुला तिकडच्या भिंतींची सवय. इथे नुसत्या फरश्या आणि काचा, दिवसा ऊन, रात्री थंडगार."

"मग तुम्ही काही तापवत नाही?"

"तापवतो ना. एसीच हिवाळ्यात गरम हवा देतो. बैठकीची खोली आणि मुलांची खोली छान तापते."

मुलांची खोली. मी विचारलं, "आणि ती कुठे झोपते?"

"मुलं आल्यापासून बाल्कनीत. काचा लावून घेतल्यात शार्तानने, चांगली खोलीसारखी झाली आहे. पलंग मावतो, तिचं टेबल मावतं. फक्त ते एसीचं बाहेरचं यंत्र तिथे आहे, त्याचा जरा आवाज."

त्या यंत्राची घरघर मी जानेवारीपासून दर शनिवारी ऐकत होतो. पंखा बंद कर म्हणत होतो. पोरगी जाकीट घालून, टोपी घालून, पंपाच्या गार बाजूला बसून माझ्याशी खेळत होती, आणि मी पण कानटोपी घालून आलो होतो, गंमत म्हणून. ती जागा मांसाची, मी म्हटलं होतं. माझ्याच तोंडाने.

"तोरुन, त्याची मागची बाजू गार हवा फेकते! तिच्या उशाशी!"

"आता कळलं ते मला, डॉक्टर ओरडल्यावर. तिने एकदाही तक्रार केली नाही रे, देवाशपथ. मी काय रोज यंत्राची पाठ बघायला जाते?" तिचाही आवाज फुटला. "आत घेतलंय तिला, सोफ्यावर आहे. आणि तू माझ्यावर ओरडू नकोस, हालवार. डिसेंबरमध्ये मी तिला स्वतः म्हटलं होतं, मुलं येणार, गर्दी होणार, पप्पाकडे जायचं असेल तर मार्चची वाट कशाला बघतेस, आत्ताच जा. ती म्हणाली, विचारते पप्पाला."

"मला नाही विचारलं तिने!"

"विचारलं असं ती म्हणाली. शनिवारी विचारलं म्हणे. तू म्हणालास, त्या खोलीत सामान आहे, कशाला तापवायची."

मी बोळातल्या त्या बंद दाराकडे बघितलं.

"परवा तिने मला सांगून टाकलंय," तोरुन म्हणाली. "इथेच राहते म्हणाली. मी शाळेला अजून कळवलेलं नाही, पण तिने सांगून टाकलंय."

फोन ठेवला आणि बोळात तसाच जमिनीवर बसलो. मला रागसुद्धा येत नाहीये कोणाचा. शार्तानचा येईना, तोरुनचा येईना. पोरीने माझं दार वाजवलं होतं आणि मी आतून सांगितलं होतं, सामान भर आणि लावून टाक.

२ मार्च, रविवार

सकाळी उठल्याबरोबर टायर काढले. पाच मिनिटांचं काम म्हणालो होतो. अर्धा दिवस गेला. खालचे टायर प्लास्टिकला चिकटून बसले होते, ओढले तर गादीचं कापडच फाटलं. गुडनीबाईंनी खिडकीतून पाहिलं असावं, कोट घालून आल्या आणि न बोलता एकेक टायर अंगणात लोटायला लागल्या. मी म्हटलं, कंबर धरेल तुमची. म्हणाल्या, माझी कंबर मी बघते, तू खिडकी बघ.

खिडकीला आतून बर्फ. बाहेरून नव्हे, आतून. बोटाने खरवडलं तर भुगा पडला. कोपऱ्यात भिंतीचा कागद ओला होऊन सुटलाय. तिने शाळेतून रंगवून आणलेला मासा तिथे चिकटवला होता, तो वाकडा होऊन खाली पडलाय. थर्मामीटर बघितला, तीन अंश. माझ्या घरात, माझ्या पोरीच्या पलंगाशी, तीन अंश! मी सहा महिने शेजारच्या खोलीत पाय पसरून ऊबेत बसलो होतो, आणि वर स्वतःला हुशार समजत होतो.

हीटर पूर्ण सोडला. बैठकीतला छोटा हीटरही आणून लावला. जुने गालिचे भिंतीला टांगले. दर थोड्या वेळाने जाऊन बघतो. चार. चार. पाच.

"तापतच नाही हो!" मी अक्षरशः ओरडलो.

"आज नाही तापणार," गुडनीबाई म्हणाल्या. "भिंतीच थिजल्यात. आधी त्या ऊब पिऊन घेतील, मग हवेला देतील. घाई करून चालत नाही."

"पण ती येणारच नाहीये. तिने सांगून टाकलंय."

"मग बंद करतोस का?"

"नाही."

"मग झालं," म्हणाल्या, आणि स्वतःच्या घरची लोकरीची गोधडी आणायला गेल्या.

४ मार्च, मंगळवार

आज दुपारी सुन्निवाने फोन उचलला. चेहरा एवढासा झालाय. आवाज पार बसलेला. मागे सोफा होता, काच नव्हती. ते बघून जरा श्वास घेतला.

"पप्पा, आज खेळ नको," पहिलं हेच म्हणाली.

"खेळ नाही गं. बघ." मी फोन फिरवला. रिकामी जमीन, दोन हीटर, भिंतीवरचे गालिचे, पलंग, गुडनीबाईंची गोधडी. बोलताना तोंडातून वाफ निघत होती, ती तिला दिसली असणार.

मग, "टायर कुठेयत?"

"अंगणात. बर्फात."

"खराब होतील."

"होऊ देत. सुनी, तू मला विचारलं होतंस आणि मला कळलं नाही. तू जानेवारीपासून सांगत होतीस आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही. मी गाढव आहे."

"आहेसच," ती म्हणाली आणि खोकली. खोकला थांबेपर्यंत मी फोन घट्ट धरून उभा राहिलो, जसं काही तिलाच धरलंय. "किती झालंय तिथे?"

"अकरा."

"परवापासून चालू आहे आणि अकराच?"

"अकराच."

"मम्माने तुला सांगितलं ना, मी इथेच राहते म्हटलंय ते?"

"सांगितलं."

"मग कशाला तापवतोयस?"

मी रात्रभर काय काय जुळवून ठेवलं होतं बोलायला. त्यातलं एक वाक्य आठवलं तर शपथ. "तुझी खोली आहे म्हणून," एवढंच म्हणालो. "तू ये, नको येऊस. यापुढे हा हीटर मी बंद करणार नाही."

तिने गोधडी नाकापर्यंत ओढली. डोळे तेवढे दिसत होते. मला वाटलं आता फोन ठेवते. मी मनातल्या मनात म्हणत होतो, नको ठेवूस, नको ठेवूस.

"पप्पा."

"हं?"

"पलंग बाहेरच्या भिंतीला लागलाय. तिथून गार येतं. आतल्या भिंतीकडे घे."

फोन खिडकीच्या फळीवर उभा केला, तिला दिसेल असा. पलंग जड आहे, ओकचा, एकट्याला हलत नाही. पाय रोवले आणि ढकलला.

"अजून," ती म्हणाली.

मी ढकलला.

"अजून थोडा. मला कपाटाशी जायला वाट ठेव."